बाबांच्या आवाजामागचा श्वास

बोईसरच्या बाजारात हेडफोन दुरुस्त करणारा एक माणूस बसायचा. त्याचं नाव मी विचारलं नाही. वारलेल्या बाबांचं रेकॉर्डिंग ऐकताना ते बोलायचे थांबले की मोठ्याने श्वास ऐकू यायचा, म्हणून फोन आणि हेडफोनच्या मध्ये लावायचा छोटा कन्व्हर्टर मी त्याच्याकडे नेला.

त्याने डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

"बिघाड नाय. आवाज बारीक झाला की हा आपोआप वाढवतो. ते मी बंद केलं हाय."

"म्हणजे श्वास बाबांचाच ना?"

"नाय. ते बोलतात, तेवाबी तो चालूच हाय."

कन्व्हर्टर माझ्या हातात न देता त्याने टेबलावर ठेवला.

माझ्यासमोर बोलायला बाबा लाजायचे, म्हणून ते रेकॉर्डिंग केलं त्या दुपारी फोन चालू ठेवून मी बाहेर गेलो होतो. चिंचणीच्या घरात ते एकटेच होते.