आरशातला नेम

सगळे तिला नेमबाई म्हणायचे. दिवसभर ती गाद्यांच्या कारखान्यात हातभर लांब सुईनं टाके घालायची आणि संध्याकाळी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये फाटक्या गाद्या भिंतीला टेकवून त्यांवर बाण मारायची. हवेत फेकलेल्या कड्यातून बाण काढणं, मेणबत्ती न पाडता नुसती ज्योत विझवणं, पायांनी धनुष्य ओढणं, सगळं ती आपलं आपणच शिकली. करामती नेमबाजीचं अजिंक्यपद तिनं सलग तीनदा पटकावलं. शेजारीपाजारी म्हणायचे, "हिच्या नवऱ्याची काही धडगत नाही." नवरा तिनं केलाच नाही.

तिच्या करामतींचे जाहीर खेळही व्हायचे. त्यांत समोर उभी राहायची तिची धाकटी बहीण. शेवटची करामत आरशाची असायची. धाकटी फळीला टेकून, कानाशेजारी दोन बोटांत खेळायचा एक पत्ता धरून उभी. नेमबाई तिच्याकडे पाठ करून, समोर टांगलेल्या आरशात बघत, धनुष्य डोक्यामागं नेऊन बाण सोडायची. पत्ता फळीत रुतायचा. नऊ वर्षांत धाकटीला साधा ओरखडा आला नव्हता.

एका खेळाआधी रंगपटात वेणी घालता घालता धाकटी म्हणाली, "ताई, पुढच्या महिन्यात लग्न झालं की मी उभी राहणार नाही."

"मग मी काय भिंतीवर बाण मारू?"

"मार की. टाळ्या तुलाच मिळतात. भिंतीला कुठं हव्या असतात?"

नेमबाईच्या अंगाचा तिळपापड झाला, पण तेवढ्यात घंटा वाजली. एकामागून एक करामती झाल्या. मग आरसा आला. त्यात धाकटीचा चेहरा, कानातलं, पत्ता. दोरी ताणली गेली आणि बाण सुटतानाच नेमबाईच्या मनात शब्द आले. अगदी तिच्याच आवाजात: लागू दे.

पत्ता बरोबर मधोमध छेदला गेला. सभागृह उठून उभं राहिलं. तिच्या आयुष्यातला तो सगळ्यात चोख बाण, असं जाणकार सांगत.

धाकटी लग्न करून गेली, संसाराला लागली. नेमबाईनं पुढं माणूस कधी समोर उभा केला नाही. तिनं आणखी दोन अजिंक्यपदं जिंकली, पण आरशाची करामत सोडली आणि घरातल्या आरशावर चादर टाकली. केस ती चाचपून विंचरायची. तरी मधूनच, सुई गादीत खुपसताना, मानेमागं कुणीतरी श्वास रोखून उभं आहे असं वाटायचं. वळून बघावं तर कुणी नाही.

सोळा वर्षं तिनं हे पोटात ठेवलं. शेवटी एका दुपारी धाकटीच्या स्वयंपाकघरात, ती शेंगा सोलत असताना, नेमबाई बोलून गेली.

"त्या दिवशी तुला बाण लागावा असं मला वाटलं होतं."

धाकटीचे हात थांबले नाहीत. "माहीत आहे."

"कसं?"

"ताई, तुला आरशात मी दिसायचे, तशी मला तू दिसायचीस. तुझे डोळे बघितले मी."

"मग हललीस का नाहीस?"

"हलले असते तर लागला असता. तुझ्या मनाचा भरवसा नव्हता गं, हाताचा होता."

नेमबाईला वाटलं होतं, बोलून टाकलं की मोकळं होऊ. झालं उलटंच. आता त्या क्षणाला साक्षीदार होता. धाकटीनं तिला जेवायला थांबवलं, प्रेमानं वाढलं. नेमबाई ताटातला भात नुसता चिवडत बसली.

वर्षभरात तिनं धनुष्य ठेवून दिलं. खांदा गेला, असं वर्तमानपत्रांनी छापलं. तिनं छापू दिलं. धाकटी अजून दर रविवारी येते. दोघी खिडकीशी बसतात, समोरासमोर नाही, शेजारी शेजारी. गप्पा होतात, हसणंही होतं. पण खालून जाणाऱ्या पोस्टमनकडे, पलीकडे कपडे वाळत घालणाऱ्या बाईकडे बघताना नेमबाईला तो आपलाच आवाज अचानक ऐकू येतो: लागू दे. मग ती रिकामे हात मांडीखाली दाबून धरते. धाकटी ते बघते आणि बोलणं चालू ठेवते.