इंदूचा बॅच ड्रॉवरमध्ये होता

इंदूच्या अंगावरचा एप्रन त्यानं सगळ्यांसमोर ओढला. काढायला सांगितला नाही. ओढला. पट्टी तिच्या गळ्याला घासत गेली, अंबाड्यातली पिन उडून खाली पडली. शिशाचा एप्रन तो, जड. एक्स-रेचे किरण अंगात जाऊ नयेत म्हणून घालतात.

"हा डॉक्टरांचा आहे. मावश्यांचा नाही. घामाचा वास कोण काढणार?"

बोलणारा सेफ्टीसाहेब. आम्ही सगळे त्याला तेच म्हणायचो. त्याच्या केबिनवर पाटी होती, रेडिएशन सुरक्षा अधिकारी. किरणांपासून माणसं वाचवायची, याचाच त्याला पगार.

टेबलावर दीड वर्षाचं पोर रडत होतं. त्याच्या छातीचा फोटो काढायचा होता आणि ते हलू नये म्हणून इंदूनं त्याचे हात धरायचे होते. आई गरोदर, म्हणून तिला बाहेर बसवलेली. बाप फोनवर.

"धर आता. काही होत नाही. तुमच्या लोकांची हाडं दगडाची असतात."

पोराचा बाप हसला. टेक्निशियन हसला. इंदूपण हसली. अशा वेळी हसायचं असतं, एवढं तिला कळत होतं.

मी दारात उभा होतो. तिचा नवरा. सेफ्टीसाहेब मला म्हणाला, "मामा, स्पिरिट मारून टांग तो."

मी स्पिरिट मारलं. कापसानं पुसलं. माझ्या बायकोचा घाम मी एप्रनवरून पुसून काढला. मग नीट टांगला, घडी न घालता. घडी घातली की आतलं शिसं तडकतं, हे मला शिकवलेलं. शिशाला काय होतं ते मला माहीत होतं. इंदूला काय होतं ते कुणी शिकवलं नव्हतं.

मी चौथी शिकलेला माणूस. वय सदुसष्ट. डोंबिवली एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत होतो, ती बंद पडली. मग घोडबंदर रोडला हे हॉस्पिटल नवीन उघडलं तेव्हा एक्स-रे खात्यात चिकटलो. पेशंट आणायचा, टेबलावर चढवायचा, उतरवायचा. वर्षभरानं इंदूला मीच लावलं. मीच. आम्ही कल्याण पूर्वेहून दोन बस बदलून यायचो. हॉस्पिटलात मी सगळ्यांचा मामा आणि ती सगळ्यांची मावशी. इंदू म्हणायची, "गेटच्या आत तुम्ही माझे भाऊ हो. घरी गेल्यावर बघू." असं बोलायची. फाटक्या तोंडाची होती.

पोरं धरायचं काम तिचंच झालं. तिच्या हातात पोर गप्प व्हायचं. दिवसाला चार, कधी दहा. म्हातारे कलंडायचे, त्यांनाही तीच धरायची. टेक्निशियन काचेमागे जाऊन बटण दाबायचा. आत पेशंट आणि इंदू. अकरा वर्षं.

आता बॅचचं सांगतो, कारण सगळं त्याच्यावर आहे.

किरणांत काम करणाऱ्या माणसाच्या छातीला एक बॅच लावतात. काडेपेटीएवढा. अंगावर किती किरण पडले ते त्याच्यात जमा होतं. दर तीन महिन्यांनी जुने बॅच तपासायला पाठवायचे, नवे येतात. कुणाचा आकडा जास्त आला की वरून पत्र येतं, चौकशी होते. आमच्याकडे सुरुवातीला एकदा पत्र आलेलं. तेव्हापासून सेफ्टीसाहेबानं पद्धत पाडली. बॅच कुणी लावायचे नाहीत. त्याच्या केबिनमधल्या लोखंडी ड्रॉवरमध्ये ठेवायचे. केबिन दोन भिंती पलीकडे, तिथं किरण कुठले? तपासणीवाले येणार असले की डॉक्टर-टेक्निशियननी आपापले छातीला लावायचे. ते गेले की परत ड्रॉवर.

मला म्हणाला, "हे नाजूक असतात, हरवतात. मामा, तू इमानदार माणूस. चावी तुझ्याकडे."

मी फुगलो. एवढ्या शिकलेल्या लोकांत चावी माझ्याकडे. मी ती करदोड्याला बांधली. आंघोळीला काढली नाही, झोपताना काढली नाही. इंदू म्हणायची, "कमरेला सवत बांधलीय मेल्यानं." दर तीन महिन्यांनी मी जुने बॅच पाकिटात भरायचो, नवे ओळीनं मांडायचो, फडक्यानं पुसायचो. वर नावं इंग्रजीत. मला काय कळतंय. चित्रं बघावीत तशी बघायचो. एकावर पहिलं अक्षर नुसती उभी काठी होती. ती मला पाठ झालेली. काठीवाला बॅच मी नेहमी शेवटी ठेवायचो, का कुणास ठाऊक.

मग इंदूच्या दंडावर निळे डाग यायला लागले. न आपटता. मग दात घासताना रक्त. मग एक दिवस भाकरी थापताना नाकातून धार लागली, पीठ लाल झालं, आणि ती पिठाकडे बघून म्हणाली, "वाया गेलं." रक्ताचा कॅन्सर. मुंबईला सरकारी दवाखान्यात नेली. तिथल्या डॉक्टरीणबाई बऱ्या होत्या. त्यांनी इंदूचं काम काय, विचारलं. मी सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"काका, त्याच्यामुळेच झालं असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण किती किरण लागलेत ते कळायला हवं. त्यांच्या बॅचचा रिपोर्ट आणा."

मी म्हणालो, "मॅडम, मावश्यांना बॅच नसतो."

तरी सेफ्टीसाहेबाकडे गेलो. वाटलं, नाही म्हणेल आणि प्रश्न मिटेल. त्यानं कॉम्प्युटरमधून कागद काढला आणि माझ्यासमोर टाकला. "हे घे. तुझ्या बायकोचा रिपोर्ट. अकरा वर्षांचा. बघ, सगळीकडे शून्य. काहीच लागलेलं नाही तिला. उगाच हॉस्पिटलच्या नावानं खडे फोडू नको."

कागदावर शून्याची माळ होती. शून्य मला वाचता येतं. मी नितीनकडे गेलो. नितीन म्हणजे आमचा टेक्निशियन, तोच तो हसणारा. त्याला म्हटलं, हिला बॅच कधी होता? त्यानं आधी दार लोटून घेतलं.

"मामा, माणसं धरते म्हणजे बॅच पाहिजेच, नियम आहे. म्हणून तिच्या नावानं मागवायचे. तुमच्याच ड्रॉवरमध्ये असायचा." मग त्यानं कागदावरचं नाव बोटानं दाखवलं. "हा इंग्रजी आय. इंदूचा."

उभी काठी.

अकरा वर्षं मी माझ्या बायकोचा बॅच फडक्यानं पुसून कुलपात ठेवत होतो. ती दोन भिंती पलीकडे उघड्या अंगानं पोरं धरत होती. चावी माझ्या कमरेला.

मी तिला सांगितलं. सांगायला नको होतं, पण तिच्याशी मी कधी खोटं बोललो नाही. तिच्या तोंडात फोड आलेले, बोलणं जड.

"म्हणजे कागदावर मी तिथं नव्हतेच?"

मला वाटलं, शिव्या देईल. थुंकेल. तिनं माझी कमर चाचपली, करदोड्यावरची चावी मुठीत धरली आणि म्हणाली, "सवतच निघाली."

सतरा दिवसांनी गेली. शेवटी रक्त कुठून येत होतं सांगता येत नव्हतं. चादर तीनदा बदलली. मग बदलली नाही.

तेरावं झालं आणि मी कामावर गेलो. घरात बसून भिंतीला डोकं फोडलं असतं. त्याच आठवड्यात नव्या बॅचचं पाकीट आलं. मी फोडलं. त्यात काठीवाला होता. बाई जळून राख झाली, तिची राख मी माझ्या हातानं खाडीत सोडली, आणि तिच्या नावाचा नवा बॅच आला. तीन महिन्यांनी तोही शून्य येणार. जिवंतपणी शून्य, मेल्यावर शून्य. काही फरकच नाही. मी तो ड्रॉवरमध्ये ठेवला नाही. खिशात घातला.

दोन दिवसांनी दुपारी जेवणाच्या सुट्टीत सेफ्टीसाहेबानं मला एक्स-रे रूममध्ये बोलावलं. सुट्टीत पेशंटच्या दाराला मी बाहेरून कुलूप लावतो, ते लावलेलं. आत आम्ही दोघंच. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी वर पत्र लिहिलेलं, चौकशी येणार होती. त्याच्या हातात मराठीत टाइप केलेला कागद. मी अक्षर अक्षर लावून वाचला. माझी पत्नी ड्युटीवर असताना कायम बॅच लावत असे, मी स्वतः पाहिले आहे.

"सही कर."

"ती लावत नव्हती."

"सही कर म्हटलं ना. चावी कुणाकडे होती? तूच आत जाशील, कळतं का?"

"जाईन."

त्यानं कानफटात मारली. माझ्या मुलीहून लहान माणूस. माझा चष्मा उडाला. "तुम्हा लोकांना घरात घेतलं की डोक्यावर बसता. दोघं नवराबायको पोसले अकरा वर्षं."

पोसले.

मी त्याची कॉलर धरली. साठ वर्षं जी मान खाली होती ती कशी वर आली मला माहीत नाही. त्याचं तोंड मी टेबलाच्या कडेवर आपटलं. ओठ फाटला. परत आपटलं. दात पडला, फरशीवर टणकन वाजला. तो खाली कोसळला. मी काचेमागच्या खोलीत आलो आणि मधल्या दाराची कडी लावली.

एप्रन माझ्या बाजूला टांगलेले होते. बटणही माझ्या बाजूला. त्या बटणाला दोन टप्पे असतात. अर्धं दाबलं की आत मशीन घरघरायला लागतं, पुरं दाबलं की फोटो. बारा वर्षं बघत होतो.

मी अर्धं दाबलं.

घरघर सुरू झाली आणि तो उठला. तोंडातून रक्त गळतंय, लंगडत दारावर आला. दार ठोकायला लागला.

"मामा! एप्रन दे! एप्रन दे!"

मी काचेतून ओरडलो, "काही होत नाही, साहेब."

"मामा, पाया पडतो, मला लहान मुलगी आहे रे!"

"इंदूनं किती जणांच्या मुली धरल्या, मोजल्यात का? उभे राहा. तुमची हाडं कसली आहेत बघू दे."

तो टेबलाखाली शिरला. डोकं हातात धरून, गुडघे छातीशी घेऊन. पँट ओली झाली. तसाच ओरडत राहिला, एप्रन, एप्रन.

मी बटण सोडलं. दया आली म्हणून नाही. मला पाहिजे होतं ते मिळालं. त्याला माहीत होतं. ज्या दिवशी तिच्या अंगावरून एप्रन ओढला त्या दिवशीही माहीत होतं. काही होत नाही, हे त्याला एका क्षणालाही खरं वाटत नव्हतं. ते फक्त आमच्यासाठी होतं.

आरडाओरडा ऐकून आलेल्या सिक्युरिटीवाल्यांनी मला बुटांनी तुडवलं. बरगडीत कडकन आवाज आला तो मी ऐकला. पोलीस यायच्या आत आपल्या अंगाशी नको म्हणून त्यांनीच माझा एक्स-रे काढायला घेतला. त्याच टेबलावर. फरशीवर साहेबाचं रक्त तसंच होतं. मला सरळ बसता येईना, म्हणून धरायला नवी मावशी आली. तिशीतली बाई, गळ्यात काळी पोत, अंगावर नुसती साडी. तिनं माझे खांदे धरले.

मी म्हणालो, "बाई, एप्रन घाल."

ती नितीनकडे बघायला लागली.

"एप्रन घाल, नाहीतर मी हलतो. सगळे फोटो बिघडवीन. घाल."

नितीननं मान खाली घातली आणि डॉक्टरांचा एप्रन काढून तिच्या अंगावर चढवला. स्वतः. पट्ट्यासुद्धा बांधल्या. या वेळी कुणी हसलं नाही.

आता माझ्यावर केस आहे. जामिनावर आहे. ठाण्याच्या कोर्टात तारीख लागलीय. हॉस्पिटलचा माणूस कल्याणला घरी आलेला, केस मागे घेतो म्हणाला. दोन कागदांवर सही पाहिजे. एक माफीचा. दुसरा तोच, इंदू बॅच लावत होती म्हणून. मुलगी फोनवर रडली, "अण्णा, करा ना सही. आई काय परत येणार आहे?" नाही येणार. मी त्या माणसाला चहाही विचारला नाही. दार दाखवलं.

तारखेला जाणार. वकील म्हणतो, गप्प राहा. नाही राहणार. मारलं का, विचारतील. मारलं. दात मी पाडला. त्याची शिक्षा द्या, भोगतो. पण त्याच्या आधी माझा दुसरा गुन्हा लिहून घ्या. चाळीस-बेचाळीस वेळा मी माझ्या बायकोचा बॅच कुलपात ठेवला. या हातांनी. ज्याच्या सांगण्यावरून ठेवला तो समोर बसलाय, त्याचंही नाव लिहा. आणि करदोड्याची चावी सोडून टेबलावर ठेवीन. तिच्या शेजारी तिच्या नावाचा बॅच. ती मेल्यावर आलेला. तपासायला पाठवा म्हणीन, मेलेल्या बाईचा आकडा किती येतो बघा.

इंदू तिथं होती. अकरा वर्षं, रोज, त्या टेबलाशी, उघड्या अंगानं होती. हे कागदावर येत नाही तोवर मी सही करणार नाही, आणि मरणारही नाही.