चाचांचे तीन सूर

डिसेंबर लागला की माझ्या बायकोचं तोंड वाकडं होतं. "अहो, तो येशू दरवर्षी जन्माला येतो, पण तुमची काही सुटका होत नाही," असं ती गेली पाच वर्षं म्हणते आहे. मुलगा पुण्यात, नात पुण्यात, आणि आम्ही दोघं इथे उज्जैनात नानाखेड्याच्या घरात, पुण्याला न्यायला बांधलेल्या खोक्यांकडे बघत बसलेले. चूक माझीच आहे. तिच्यासमोर मात्र कबूल करणार नाही, मेलो तरी.

झालं असं की मी मिशनच्या शाळेत संगीत शिकवायचो. चर्चमधला जुना ऑर्गन बंद पडला तेव्हा फादर म्हणाले, "मास्साब, कुछ जुगाड़ कीजिए." मी सरळ लग्नाच्या बँडवाल्यांना पकडलं. डिसेंबरच्या मध्यावर मलमास, म्हणजे आपला धनुर्मास, लागतो, महिनाभर लग्नं बंद, आणि बँडवाले घरी माश्या मारत बसतात. एक क्लॅरिनेट, दोन ट्रम्पेट आणि खालचा सूर धरायला बँडमधल्या सगळ्यात म्हाताऱ्या चाचांचं ते भलंमोठं पितळी युफोनियम. तेव्हापासून उज्जैनातला आमचा नाताळ मलमासाच्या कृपेवर चालला आहे.

या चौघांसाठी नाताळची कॅरल बांधायची म्हणजे काय, ते मला विचारा! ओळ संपली की क्षणभर शांतता हवी असते. पण वरातीत बँड गप्प झाला की लोक ओरडतात, त्यामुळे जरा मोकळी जागा दिसली की ट्रम्पेटवाला तिथे तान ठोकणारच. "अरे भाई, कोई नाच नहीं रहा यहाँ!" मी बोंबलायचो. शेवटी थांबायच्या जागाच काढून टाकल्या. एकाने श्वास घेतला की दुसऱ्याने सूर धरायचा, अशी एकेकाच्या छातीचं माप घेऊन सरगम लिहिली. झालं, मी अडकलो. ती दुसऱ्या कुणाला वाजवता येत नाही, आणि माझ्याशिवाय कुणाला बदलता येत नाही.

त्यात चाचांचे पुढचे दात पडले. दात नाहीत म्हणजे ओठाला आधार नाही, वरचे सूर फुटायला लागले. मी गुपचूप त्यांचे काही सूर क्लॅरिनेटला दिले. पुढच्या वर्षी आणखी काही. चाचांना लिहिलेलं वाचता येत नाही, मी गाऊन दाखवतो तेवढंच ते वाजवतात, म्हणून त्यांना कळणार नाही असं मी धरून चाललो होतो. होता होता त्यांच्याकडे तीन सूर उरले. तरी नाताळला ते इस्त्रीचा लाल कोट घालून सगळ्यांच्या आधी हजर. अशा माणसाला कसं सांगायचं की बास झालं? मी गेलो तर त्यांना तीन सूर कोण देणार होतं?

पण यंदा नातीने फोनवर विचारलं, "आजोबा, येतो येतो म्हणून तुम्ही खोटं बोलता ना?" झोंबलं. इंदूरच्या एक बाई हे काम घ्यायला तयार होत्या. त्यांची अट एकच, सगळं नीट नोटेशनमध्ये हवं आणि प्रत्येक वाद्याला पूर्ण काम हवं. म्हणजे चाचा बाहेर. मी मनावर दगड ठेवून वह्या पुऱ्या केल्या. मला जायचं होतं, आणि मला स्वतःची लाज वाटत होती.

पंचवीस तारखेला कार्यक्रम आटोपल्यावर चाचांना चर्चच्या अंगणात बाजूला घेतलं. "चाचा, अगले साल से..." एवढं बोललो आणि त्यांच्या लाल कोटाच्या बटणांकडे बघायला लागलो.

चाचा हसले. म्हणाले, "मास्साब, मुझे सब मालूम है. पाँच साल से आप मेरे सुर काट रहे हो. मैं तो पहले ही साल छोड़ रहा था, बेटा रतलाम बुला रहा है. फिर सोचा, मैं नहीं आया तो मास्साब का काम अटक जाएगा."

पाच वर्षं! मी त्यांच्यासाठी थांबलो होतो आणि हा माणूस माझ्यासाठी लाल कोटाला इस्त्री करत होता. "अब आप भी निकलो पुणे, मैं भी निकलता हूँ," ते म्हणाले आणि युफोनियम फडक्याने पुसायला लागले.

आता मला हलकं वाटायला हवं होतं. सुटलो होतो की मी! पण कुठलं काय. त्यांनी वाद्याला खोळ घातली, ते खांद्याला लावलं, फाटकापर्यंत गेले, आणि मी मागून धावत गेलो.

"चाचा, अगली बार सिर्फ दो सुर रखूँगा. आ जाओगे ना?"

ते फाटकाची कडी धरून वळले. मग म्हणाले, "अब आप बुलाओगे तो आना ही पड़ेगा."

घरी आलो तर बायको दारातच उभी होती. "सांगितलंत का त्यांना?"

"सांगितलं," मी म्हटलं.

ती लगबगीने मुलाला फोन लावायला आत गेली.