ढेरीकाकांची खुर्ची

तरणतलावावर सगळे त्यांना ढेरीकाका म्हणत. बावीस वर्षं ते तिथे जीवरक्षक होते, पण गळ्यातली शिट्टी काढली तर नवखा माणूस त्यांच्याकडे तिकीटच मागायचा.

नव्या व्यवस्थापकाला हे खटकलं. काकांच्या उंच खुर्चीशेजारी उभं राहून त्यानं सांगून टाकलं, "काका, जीवरक्षक बघितल्याबरोबर जीवरक्षक वाटला पाहिजे. उद्यापासून तुम्ही कपाटांच्या किल्ल्या सांभाळा."

काका मनात म्हणाले, पाण्यापासून लांब, किल्ल्यांच्या खोलीत आपण करायचं काय? त्यांनी पोट आत ओढून धरलं, पण नजर पाण्यावरून हलवली नाही.

"अहो, मी बोलतोय. इकडे बघा तरी!"

"कान तुमच्याकडेच आहेत, साहेब. डोळे तेवढे मोकळे नाहीत."

आणि बोलता बोलता काका खाली उतरले, काठावरचा लांब बांबू उचलून त्यांनी मधोमध पोहणाऱ्या एका आजींपुढे धरला. आजींनी तो घट्ट पकडला. पायात पेटका आला होता. शेजारून पोहणाऱ्यालाही पत्ता नव्हता.

"तुम्हाला कसं कळलं?" व्यवस्थापकानं विचारलं.

"आजी चार हात मारून एकदा तोंड वर काढतात. आज दुसऱ्याच हाताला काढलं."

काठावर बसून पोटरी चोळणाऱ्या आजींकडे व्यवस्थापक बघत राहिला. मग म्हणाला, "किल्ल्यांचं बघू दुसरं काहीतरी. तुम्ही बसा वर."

काका खुर्चीवर चढले आणि त्यांनी हुश्श केलं. तशी इतका वेळ दाबून धरलेली ढेरीही आपल्या जागी येऊन बसली.