कोरडा कान

"लेंड्या उचल. हातानं."

मालक ओट्यावर उभा. पांढरा रुमाल नाकाला. मी खाली, नऊ वर्षांची.

आम्ही मेंढरामागची माणसं, धनगर. कापूस उपटून रान मोकळं झालं की मालक दरसाल निरोप धाडायचा, "मेंढरं आणा, आमच्या रानात बसवा." रातभर मेंढरं रानात बसली की लेंड्या पडतात, मूत मुरतं, त्याच्यासारखं खत नाय. त्याचा कापूस कमरेला लागायचा तो आमच्या लेंड्यांवर. पण त्या सकाळी एक कोकरू चुकलं, थेट त्याच्या ओट्यावर चढलं, आणि शहाबादी फरशीवर त्यानं चार लेंड्या टाकल्या. रानात पडल्या तर खत. ओट्यावर पडल्या तर घाण.

मी वेचल्या. मुठीत धरल्या.

"आता पूस."

"कशानं पुसू?" मी विचारलं. खरंच विचारलं, जवळ फडकं नव्हतं. त्याला ते उलट उत्तर वाटलं. उघड्या पंजानं डाव्या कानावर अशी ठेवून दिली की कानात काहीतरी फुटलं. शिट्टी वाजायला लागली. ती चार दिवस वाजत होती.

बा पळत आला. मला वाटलं, आता बा काठी उगारतो. बानं माझी मान धरली आणि वाकवली. "पाया पड मालकाच्या." मी पडले. लेंड्या मुठीत तशाच.

संध्याकाळी मायनं लसणाचं तेल कोमट करून कानात सोडलं. म्हणाली, "कुणी विचारलं तर विहिरीत पवताना पाणी गेलं म्हणायचं." मला पवता येत नव्हतं. अजूनबी येत नाय.

मग कान वाहायला लागला. वीस वर्षं वाहिला. पिवळं, चिकट, कुजका वास. शाळेत गुरुजींनी मला पार मागं, खिडकीजवळ बसवलं. पोरी नाक धरायच्या. लग्नात मायनं कानात कापूस कोंबला आणि वर अत्तराचा फाया ठेवला, सासरच्यांना वास येऊ नये म्हणून. कापूस मी लपून बदलायची. मला माझीच किळस यायची. लई किळस. नवरा या कुशीला वळला की मी त्या कुशीला वळायची.

आता मी चितेगावला एका कंपनीत पॅकिंगला आहे. एका कानावरच्या माणसाला आवाज कळतो, पण कुठून येतोय ते कळत नाय. मागल्या वर्षी डावीकडून माल उचलायची गाडी आली. ड्रायव्हर हॉर्न मारतोय, मी भलतीकडंच बघतीय. थोडक्यात वाचले. सुपरवायझर म्हणाला, "बाई, कान दाखवा, नायतर घरी बसा."

डॉक्टरबाईंनी दुर्बिणीतून बघितलं. "पडद्याला मोठं भोक आहे, ताई. कानाच्या वर, स्नायूवर एक पातळ पापुद्रा असतो. त्याचा तुकडा काढून इथं ठिगळ लावू. पण आधी कान कोरडा पाहिजे." मग विचारलं, "कशानं झालं?"

मी तोंड उघडायच्या आत सोबत आलेली माय बोलली. "विहिरीत पवताना पाणी गेलं."

डॉक्टरबाईंनी लिहून घेतलं. मीबी मान डोलावली. एवढी मोठी बाई मी, तरी डोलावली.

दीड महिना थेंब टाकले. डोक्यावरून पाणी घेतलं नाय. एका सकाळी कापूस काढला तर कोरडा. नाकाला लावून बघितला. वासच नाय. मोरीत बसून मी ढसाढसा रडले.

ऑपरेशनच्या दिवशी क्रांती चौकात उतरून माय आणि मी दवाखान्यात गेलो. बाकड्यावर बसलो होतो. तेवढ्यात काठी टेकत मालक आला. म्हातारा झालेला. ऐकायचं मशीन घ्यायला आलेला, पोरगा गाडी लावायला गेलेला.

माय ताडकन उठली. चपला काढल्या आणि फरशीवर बसली. "बसा मालक."

बाकड्यावर चार जागा रिकाम्या होत्या. गाव पार तिकडं वेरूळच्या पलीकडं राहिलं, आणि माझी माय शहरातल्या दवाखान्यात, अनवाणी, त्याच्या पायाशी. माझ्या कानाची इतक्या वर्षांत आली नव्हती तेवढी किळस आली.

तो बसला. माझ्याकडं बघून मायला म्हणाला, "हिचा कान अजून वाहतोय का गं?" आणि खिशातून रुमाल काढून नाकाला लावला.

कान कोरडा होता. ठणठणीत कोरडा. वास नव्हताच. तरी रुमाल. तवा मला कळलं, वास माझ्या कानाचा कधी नव्हताच त्याला. माझाच होता. लेंड्यांचा तरी त्याला रानात कुठं येत होता?

"रुमाल काढा मालक. कान कोरडा हाय."

"आं?" त्याला ऐकू येईना.

बरं झालं. मी उठले, घसा फाडून बोलले, "कान कोरडा हाय! तुम्ही फोडलेला! नऊ वर्षांची व्हते मी! चार लेंड्यांपायी!"

अख्खं दालन वळून बघायला लागलं. माय पदर ओढत होती, "गप, गप गं बाई." त्याचा हात वर आला. सवयीनं आला. मी कान झाकला नाय, मान वाकवली नाय. हात आपोआप खाली गेला.

मायला काखेत धरून उठवलं. चपला पायात घालायला लावल्या. आत गेलो. डॉक्टरबाईंना म्हणाले, "कागदावर खोटं लिहिलंय. पाण्यानं नाय, थापडीनं फुटलाय." डॉक्टरबाईंनी मायकडं बघितलं. माय म्हणाली, "व्हय. मारली व्हती. मीच खोटं सांगितलं."

जुनं खोडलं. नवं लिहिलं. मी वाचून दाखवायला लावलं. मग ऑपरेशनच्या टेबलावर पडले.

ठिगळ धरलं. टाके निघाले, कानात भरलेली पट्टी निघाली. परवा बाचा फोन आला. डाव्या कानाला लावला. त्या कानानं फोनवर ऐकलेलं पहिलं बोलणं हे: "मालकाचा निरोप आलाय. रान मोकळं झालंय. पण तू आधी येऊन पाया पड म्हणतो. पड बाई एकदा. मेंढरं कुठं बसवू मी?"

स्वच्छ ऐकू आलं. एकेक शब्द.

"कुठंबी बसव बा. तिथं नाय."

"अगं, पिढ्यांचं रान हाय ते."

"रान त्याचं हाय. खत आपलं हाय."

बानं फोन ठेवला. तो जाईल, मला ठाऊक आहे. वाकायची सवय त्याच्या हाडात आहे. म्हणून रविवारी मीच गावाला निघालीय. मेंढरं त्याच्या बांधाच्या आत दिसली तर बाच्या हातची काठी काढून घेणार, आणि भर दिवसा, त्याच्या ओट्यासमोरून, सगळा कळप बाहेर हाकणार. वाटेत लेंड्या पडतील. पडू देत. उचलायला मी वाकणार नाय.