करपलेल्या खव्याची बातमी

शारदा जाऊन आज वर्ष झालं. अजूनही फोन येतात, "ताईंना द्या."

मी म्हणतो, मी तिचा नवरा बोलतोय, सांगा. पलीकडचा माणूस आधी "माफ करा" म्हणतो. मग ऑर्डर सांगतो.

आमची भूम तालुक्यात खव्याची भट्टी आहे, वडिलांपासूनची. दूध आटवायचं काम माझं, माणसं सांभाळायचं तिचं. आजकाल त्याला पीआर म्हणतात म्हणे. ती नुसतं "बोलणं-चालणं" म्हणायची.

मागच्याच्या मागच्या दिवाळीआधीची गोष्ट.

हायवेला कुठंतरी भेसळीच्या खव्याची गाडी पकडली. गाडी कुणाची, माल कुठला, काही पत्ता नाही. पण टीव्हीवर दिवसभर तेच. पुण्याच्या, हैदराबादच्या मिठाईवाल्यांनी ऑर्डरी थांबवल्या. दूधवाले कॅन घेऊन दारात उभे आणि आमच्या कढया थंड.

सीझन गेला की भट्टी गेली, एवढं सरळ होतं.

मी फोन बंद केला आणि एक झणझणीत स्टेटमेंट लिहिलं. "आमच्या फर्मची बदनामी करणाऱ्यांवर कायदेशीर कारवाई करण्यात येईल." वर फ्लेक्सही सांगून आलो. माझा गॉगलवाला फोटो आणि खाली "शुद्धतेची हमी".

शारदा वाचून हसतच सुटली.

"कारवाई कुणावर करताव? गिऱ्हाइकावर? आन् तुमचा गॉगल बघून खवा कोण खाईल, अवो?"

तिनं फोन चालू केला. एकेका दुकानदाराला स्वतः लावला.

"पकडलेला माल आमचा न्हाय. पर माझ्या शब्दावर जाऊ नका. या, दूध कढईत पडल्यापासून भट्टीजवळ बसा, चाखा, मग ठरवा."

मग एक पत्रकार आला. मी बाहेरगावी गेलोय असं सांगायला लावून मागच्या खोलीत दडून बसलो. हसा खुशाल.

त्यानं तिला विचारलं, "तुमच्या खव्यात कधीच खोट निघाली नाही?"

मी आतून हात जोडले. नाही म्हण, बाई.

"निघाली की," शारदा म्हणाली. "पावसाळ्यात एकदा खवा करपला, धुरकट वास यायला लागला. दुकानदारानं सांगितलं तसा सगळा माल माघारी आणला, दुसरा दिला. त्या दिवशी हे गावाला गेले होते, कढईवर मीच होते."

दुसऱ्या दिवशी ते तसंच्या तसं छापून आलं. मी कपाळावर हात मारला. बायकोनंच बुडवलं म्हटलं.

दुपारी पुण्याच्या जुन्या मिठाईवाल्याचा फोन. "करपलेलं सांगणारी बाई भेसळ कशाला लपवेल? माल पाठवा."

त्याच्यामागं बाकीचेही आले.

त्या दिवाळीत मान वर करायला फुरसत नव्हती. भट्टी बघायला येणाऱ्यांशी शारदा दिवसभर बोलायची. मधेच बाजेवर टेकायची. काय झालं विचारलं की म्हणायची, "ॲसिडिटी हाय. धग लई लागती. तुमी कढई बघा."

भाऊबीज झाल्यावर म्हणाली, "जरा बार्शीला दवाखान्यात जाऊन येऊ."

तिथले डॉक्टर तिला ओळखत होते.

सणाआधी साडी आणायला म्हणून ती एकटी बार्शीला गेली होती, ती त्यांच्याकडंच. तेव्हाच त्यांनी पोटात गाठ आहे, ॲडमिट व्हा म्हणून सांगितलं होतं. आता उशीर झालाय, म्हणाले.

मी तिच्याकडं बघितलं.

"सीझन हुकला असता," एवढंच बोलली.

उन्हाळा लागता लागता ती गेली.

भट्टी चालू आहे. नाव आहे. लोक म्हणतात, ताईंनी धंदा वाचवला. खरंच आहे ते. मला मात्र ऐकवत नाही.

शारदा, वर्षभर तुझ्यावर रागावलोय मी. भट्टी बुडाली असती तर बुडाली असती. मी कुणाच्याही गोठ्यावर राबलो असतो.

संध्याकाळी घरी तू असतीस.

हात जोडतो तुला. निरोप देतो, असं अजून म्हणवत नाही.