कोपऱ्यातली वहिनी

माणूस माती खातो तेव्हा निदान घरात बसून खातो. मी खाल्ली ती वीस बाय दहा फुटांत, सोनईच्या स्टँडसमोर, चांगले लोखंडी पाइप लावून. शिंगणापूरला जाणाऱ्या गाड्यांतले भाविक काच खाली करून बघत होते. आता एवढं झाल्यावर लपवायचं ते काय?

घ्या, चहा घ्या. सांगते.

माझं सोनईत फ्लेक्सचं दुकान आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. वाढदिवस, निवड, अभिनंदन, भावपूर्ण श्रद्धांजली, सगळं मीच करते. आमच्याकडं माणूस जन्मला की त्याची नोंद ग्रामपंचायतीत होते, पण तो मोठा झाला हे गावाला कधी पटतं? बोर्डावर आला की. नोकरी लागू द्या, पीएचडी होऊ द्या, बोर्ड लागल्याशिवाय म्हातारी माणसं अभिनंदन करत नाहीत. बोर्ड लागला की खरं.

आणि एवढं सगळं करूनही गिऱ्हाईक दारात आलं की पहिला प्रश्न ठरलेला. "मालक कुठंयत?" मी म्हणते, मीच मालक. मग ते मान लांब करून मागच्या खोलीत बघणार, मी तिथं एखादा मिशीवाला दडवून ठेवलाय का. आधी लई राग यायचा. आता मी खुर्ची देते आणि बघू देते.

तर झालं असं, की पप्पूशेठनं स्पर्धा भरवली. पप्पूशेठ म्हणजे आमच्या शेजारचे मोबाइल दुकानवाले. मोबाइलवर ती बंदुकीची गेम असते ना, विमानातून उड्या मारतात आणि एकमेकांना उडवतात, तिची स्पर्धा. सुरुवातीचे सामने घरबसल्या, आपापल्या फोनवर. अंतिम सामना मात्र मंगल कार्यालयात, स्टेजवर, मोठ्या पडद्यावर. जिंकणारी टीम पुढं नगरला खेळायला जाणार. सोनईची टीम अंतिम सामन्यात पोचली होती आणि टीममध्ये एक नंबरला जे कोण होतं, त्याचा मोठा बोर्ड स्टँडवर लावायचा होता.

पप्पूशेठ कुणाच्या तरी लग्नाला निघालेले. गाडीतूनच निरोप पाठवला. "ताई, एक नंबरचा फोटो टाकलाय. 'सोनईची शान' म्हणून झकास बोर्ड करा. बाकी तुमचं डोकं लावा."

डोकं लावा म्हणाले, तिथंच घात झाला.

फोटो उघडला. फोटोत दोघं जण. एक बाळू भाऊ, दुधाचा टेम्पो चालवतात, रोज दुकानासमोरून जातात. शेजारी त्यांची बायको, अश्विनी. मोबाइल अश्विनीच्या हातात होता. हेडफोन अश्विनीच्या गळ्यात होते. बाळू भाऊंच्या हातात दह्याची पिशवी होती.

आता तुम्हीच सांगा, यातलं गेम कोण खेळतं?

हसा. तुम्हाला हसायला काय जातंय. मी मात्र एक क्षणही थांबले नाही. मला वाटलं, नवऱ्यानं फोटोपुरता फोन बायकोकडं दिलाय, बिचारी धरून उभी आहे.

माझंही अगदीच चुकलं असं नाही हो. असल्या गेमच्या जाहिराती मी फोनवर बघून होते, कारण डोकं लावायचं म्हणजे आधी दुसऱ्याचं बघायचं, हा आमच्या धंद्याचा नियम आहे. पोरांच्या जाहिरातीत काय असतं? छाती पत्र्याची, डोळ्यांत जाळ, मागं विजा. पोरगी असलीच तर इतक्या कमी कपड्यांत, की गोळी लागायच्या आधी सर्दीनं जाईल. आणि बायकांसाठीची जाहिरात वेगळी. त्यात एक बाई थंडीत कुडकुडत बसलेली, घराचं छप्पर गळतंय, कडेवर लेकरू. तुम्ही रंगीत गोळ्या जुळवल्या की तिला एक पडदा मिळतो. अजून जुळवल्या की शेगडी. मी स्वतः ती गेम रोज खेळते. त्या बाईला मी सोफासेटपर्यंत आणलंय. पण त्याला खेळ कोण म्हणतं? तो आपला टाइमपास.

तर लावलं डोकं. बाळू भाऊंची मान कापली आणि एका पैलवानाच्या धडावर बसवली. दह्याची पिशवी काढून हातात मशीनगन दिली. अश्विनीच्या गळ्यातले हेडफोन उचलून त्यांच्या कानावर चढवले. दाढी दाट केली, डोळ्यांत जाळ भरला. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'हा खेळ मर्दांचा'. खाली, 'सोनईची शान, बाळूभाऊ'.

राहिली अश्विनी. तिला फेकून द्यायचं जिवावर आलं, फोटो चांगला आला होता तिचा. म्हटलं, महिला वर्गालाही काहीतरी हवं. म्हणून खालच्या कोपऱ्यात एक गुलाबी बदाम काढला आणि तिला त्यात बसवली. हातातला मोबाइल काढला आणि औक्षणाचं ताट दिलं. औक्षणाची ताटं माझ्या कॉम्प्युटरवर तयारच असतात, भाऊबीजेला लागतात. खाली लिहिलं, 'वहिनी म्हणतात, विजयी होऊन या'. आणि तरी जागा उरली, म्हणून आपल्याच मनानं टाकलं, 'महिलांसाठी खास आकर्षण, गुलाबी मोबाइल कव्हर'.

खोटं कशाला बोलू, काम झाल्यावर मला स्वतःचं कौतुक वाटलं.

पप्पूशेठला दाखवायला पाठवलं होतं, बरं का. नाही असं नाही. पण फ्लेक्स करणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. बोर्डावर माणूस फक्त स्वतःचा फोटो बघतो. पप्पूशेठनं वरच्या गोलातल्या आपल्या फोटोतला गॉगल बघितला, गळ्यातली चेन बघितली, आणि कळवलं, "एक नंबर."

बोर्ड लागला आणि गावात बाळू भाऊंचा भाव वधारला. टपरीवर चहाचे पैसे कुणी घेईना. टेम्पो थांबवून पोरं विचारायला लागली, "दादा, तुमी सेटिंग कुठली ठेवता?" बाळू भाऊ थोडा विचार करून म्हणायचे, "मध्यम." पोरं घरी जाऊन मध्यम ठेवायची. पहिल्या दिवशी ते बिचारे सगळ्यांना सांगत होते, "मी न्हाई रं बाबा." दुसऱ्या दिवशी नुसते हसायला लागले. तिसऱ्या दिवशी मी त्यांना गॉगल लावून दूध घालताना बघितलं.

एकदा दुकानातही आले. दारात उभे राहून म्हणाले, "ताई, बोर्ड झ्याक झालाय. फकस्त एक हाय, ती गेम आमच्या घरात..."

मी म्हटलं, "घरच्यांना आवडला ना? मग झालं. वहिनींना सांगा, ताट शोभलं हातात."

"व्हय, पन ती..."

"लाजता काय एवढं? चहा घ्या."

घेतला त्यांनी चहा. कप ठेवला, माझ्याकडं बघितलं, आणि गेले.

तिकडं बचत गटाच्या बायका पप्पूशेठच्या दुकानात गुलाबी कव्हर मागायला लागल्या. पप्पूशेठ दारात येऊन म्हणाले, "ताई, ह्या सगळ्या कव्हर मागत्यात, मी कुठून आनू?" म्हटलं, मागवून घ्या, धंदाच होईल तुमचा. त्यांनी तेव्हाही बोर्ड बघितला नाही.

अंतिम सामन्याच्या दिवशी सकाळी दुकान उघडते तोच बाळू भाऊंची मोटारसायकल थांबली. बाळू भाऊ गाडीवरच बसून राहिले. अश्विनी आत आली. आवाज चढलेला नव्हता, त्यानंच मला जास्त भीती वाटली.

"स्टँडवरचा बोर्ड ज्यानं केला त्याला बोलवा," ती म्हणाली.

"का गं? काय झालं?"

"त्यो एक नंबर मी हाय. फोटोतला फोन माझा, हेडफोन माझं. आमच्या ह्यांना ती गेम चालू बी करता येत न्हाई. ज्यानं माझ्या हातात ताट दिलं, त्या बाप्याचं त्वांड बघायचंय मला."

आता बघा. ज्या प्रश्नावर इतकी वर्षं मी भांडत आले, त्या प्रश्नाला मी काय उत्तर दिलं असेल?

"मालक बाहेर गेलेत," मी म्हणाले.

अश्विनीनं माझ्याकडं बघितलं, मग माझ्यामागच्या कॉम्प्युटरकडं. तिथं तिचा ताटवाला फोटो उघडाच होता. त्याच ताटाचा मी दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी वापर करत होते.

ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "ताई, तुमी बाई असून?"

मी पंखा लावला.

मग तिनं सगळं सांगितलं. घरात सासरे, नाना. सून दुपारी हेडफोन घालून 'मागून आला, उडव त्याला' असं ओरडते, हे त्यांना पसंत नव्हतं. पण माणूस एकवचनी. त्यांनी अट घातली होती, "एवढी मोठी खेळाडू हायस तर बोर्डावर दिसशील. बोर्डावर दिसलीस तर मी सोता बघाया येतो. न्हाई दिसलीस तर फोन कपाटात." आणि काल नाना बोर्ड बघून आले. बोर्डावर पोरगा मशीनगन घेऊन उभा, सून कोपऱ्यात ताट घेऊन. घरी येऊन त्यांनी फोन मागून घेतला आणि कपाटात ठेवला.

"ह्यांनी सांगितलं की, मी न्हाई, ही खेळती," अश्विनी म्हणाली. "तर नाना म्हनले, बोर्ड खोटं बोलतो व्हय? गॉगल घालून फिरतोस आन मी न्हाई म्हनतोस."

तिचे डोळे भरून आले होते. सामना दुपारी होता. ती नसली तर टीम हरणार हे टीमला माहीत होतं, पण तिला स्वतःला टीमचं एवढं दुःख नव्हतं. ती म्हणाली, "एकदा तरी नानांनी बघायला पायजे हुतं, मी खेळताना." मला इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही.

मी मशीन चालू केलं. हातातली सगळी कामं बाजूला सारली, एका ग्रामपंचायत सदस्याचा वाढदिवससुद्धा थांबवला. अश्विनीला मध्ये घेतली, चांगली वीस बाय दहा. जसा फोटो होता तसाच, साडी तीच, फोन तिच्याच हातात. 'मर्दांचा' काढून टाकलं. विजा, जाळ, काही नको म्हणाली. फक्त म्हणाली, "ह्यांना बी ठेवा कुठंतरी. चार दिवस लई खूश हुते."

बाळू भाऊ तेवढ्यात दारात आले. "ताई, डोळ्यांतला जाळ राहू द्या माझा," हळूच म्हणाले. मग त्यांना कोपऱ्यात घेतलं, दह्याची पिशवी आणि डोळ्यांत जाळ.

दुपारच्या आत जुना बोर्ड उतरवून नवा चढवला. बाळू भाऊ नानांना टेम्पोतून घेऊन आले. नानांनी खाली न उतरताच मान वर करून बघितलं, अंगातल्या कोपरीच्या खिशातून कपाटाची किल्ली काढली आणि सुनेच्या हातात दिली. एवढंच.

सामना काय झाला हे मला सांगता यायचं नाही, मला त्यातलं कळत नाही. पडद्यावर धूर होता आणि सगळं कार्यालय उभं होतं. पण शेवटी सोनईची टीम जिंकली. समोरच्या टीमचे शेवटचे दोघं अश्विनीनं एकटीनं उडवले. नाना पहिल्या रांगेत बसले होते. दर गोळीला मांडीवर थाप मारत होते आणि शेजारच्याला सांगत होते, "आमची सून हाय."

संध्याकाळी सगळे परत स्टँडवर आले. पोरं अश्विनीसोबत बोर्डाखाली फोटो काढत होती. मी जरा बाजूला उभी होते, म्हटलं, चला, निस्तरलं एकदाचं. नाना चष्मा लावून निवांत बोर्ड वाचत होते, एकेक अक्षर. सून झाली, पोरगा झाला, पप्पूशेठ झाले, शुभेच्छुक झाले. अगदी खाली दुकानाच्या नावाची बारीक ओळ असते, तिथपर्यंत आले आणि थांबले.

"ह्ये दत्तात्रय कोन?" त्यांनी विचारलं.

"आमचे मिस्टर."

"बोर्ड त्ये करत्यात व्हय?"

"नाही हो नाना. ते घोडेगावला कांद्याच्या आडतीवर असतात. बोर्ड मीच करते. दुकान माझंच आहे. नाव आपलं त्यांचं टाकते, बरं दिसतं."

"समद्याच बोर्डांवर?"

"हो, पहिल्यापासून."

नानांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, आणि माझ्याकडं बघून अगदी साध्या आवाजात विचारलं, "मंग पोरी, तुला बोर्डावरनं कुनी कापली?"